भांग पाण्यात का उतरत नाही?

पाटोद्याकडच्या एका शाळेत दहावीच्या मुलांनी आम्हाला विचारले, "खोकल्याला अडुळशाचा काढा पाण्यात करतात, मग होळीला भांग दुधात का घोटतात?" वर्गात हशा पिकला. पण प्रश्न रसायनशास्त्राचा आणि नेमका होता, म्हणून आम्ही तो टाळला नाही.

अडुळशाच्या पानातले वासिसिन गरम पाण्यात बऱ्यापैकी उतरते. भांगेतला नशा आणणारा पदार्थ, म्हणजे टीएचसी, राळेसारखा चिकट आणि तेलाच्या जातीचा आहे. लिटरभर पाण्यात तो जेमतेम काही मिलिग्रॅम विरघळतो. दुधातल्या स्निग्धांशात आणि अल्कोहोलमध्ये मात्र सहज मिसळतो.

हे दाखवायला भांगेची गरज नाही, हळद पुरते. दोन परीक्षानळ्यांत चिमूट चिमूट हळद टाका. एकीत पाणी घाला, दुसरीत प्रयोगशाळेतले स्पिरिट. (जवळपास ज्योत नको.) दोन्ही हलवून ठेवून द्या. पाण्यातली हळद बहुतेक तळाशी बसेल, स्पिरिट मात्र गडद पिवळे होईल. वनस्पतीतला पदार्थ असा अल्कोहोलमध्ये उतरवला की त्या अर्काला टिंक्चर म्हणतात. आता वरचे निवळ स्पिरिट थेंबथेंब पाण्यात सोडा. पाणी गढूळ होईल, कारण अल्कोहोलच्या आधाराने विरघळलेले द्रव्य पाण्यात पुन्हा कणरूपाने बाहेर पडते.

भांगेच्या टिंक्चरचे दुखणे हेच होते. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजाची राळ अल्कोहोलमध्ये विरघळवून धनुर्वात, संधिवात अशा विकारांवर दिली. तिथून हे औषध इंग्लंडला गेले आणि तिथल्या अधिकृत औषधसूचीत बसले. त्या काळी आपल्या शेजारच्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात गांजाची परवान्याने शेती होत असे. पण हे टिंक्चर पाण्यात घातले की राळ वेगळी होऊन भांड्याला चिकटे. शिवाय एका बाटलीने गुण यावा, दुसरीने काहीच होऊ नये, तिसरीने रोगी भ्रमिष्ट व्हावा, अशी गत. १९३२ मध्ये ब्रिटिश औषधसूचीतून ते वगळले गेले.

बाटली-बाटलीत फरक का पडे? एक तर झाडाझाडात टीएचसीचे प्रमाण वेगळे असते. दुसरे म्हणजे उजेड, उष्णता आणि हवा यांमुळे टीएचसीचे हळूहळू कॅनाबिनॉल होते, आणि त्याचा परिणाम बराच सौम्य असतो. गंमत अशी की केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांच्या हाती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आधी लागले ते हे कॅनाबिनॉलच! मूळ टीएचसीची रचना कळायला १९६४ साल उजाडले. तोपर्यंत मात्रा मोजायची ती कशी?

साखरेच्या पाकाने तरी हे सुटते का? दोन भाग साखर, एक भाग पाणी असा पाक टिकतो, कारण साखर पाणी धरून ठेवते आणि जंतूंना ते मिळत नाही. (पाक पातळ राहिला तर आंबतो, हे घरोघरी ठाऊक आहे.) पण साखर जंतूंना अडवते, टीएचसीचे बदलणे थांबवत नाही. आणि पाक शेवटी पाणीच. त्यात राळ नीट मिसळत नाही, एका जागी गोळा होते. वरच्या चमच्यात काही नाही, तळच्या चमच्यात सगळे. त्यात पोटातून घेतलेल्या भांगेचा अंमल अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत केव्हाही चढतो. "काहीच होत नाही" म्हणून माणूस पुन्हा घेतो आणि दोन्ही मात्रा एकदम अंगावर येतात. होळीच्या दिवशी भांगेने इस्पितळ गाठणाऱ्यांत असे बरेच असतात. लहान मुलाने गोड म्हणून बाटली तोंडाला लावली तर धोका फारच मोठा. मूल गुंगीत दिसले तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे आणि काय घेतले ते लपवू नये.

कायद्याचेही सांगायला हवे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आहे. पाने त्या व्याख्येत नाहीत, परंतु महाराष्ट्रात भांगही विनापरवाना बाळगता येत नाही. म्हणून वर्गात हळदच बरी.

आता हळदीच्या स्पिरिटच्या दोन सारख्या नळ्या भरून बुचे लावा. एक उन्हाच्या खिडकीत ठेवा, दुसरी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात. रोज रंग पडताळा. खिडकीतल्या नळीचा रंग किती दिवसांनी उतरला, ते आम्हाला जरूर कळवा.