जुनी गाडी अडते, तेव्हा…

एप्रिलमधील दुपार. सायनच्या सिग्नलला जुनी मारुती ८०० उभी आहे. सकाळी घरून निघताना ती पहिल्याच फेरीत सुरू झाली होती. आता मात्र सिग्नल हिरवा होताच आचके देते आणि बंद पडते. किल्ली फिरवली की स्टार्टर जोमाने फिरतो, पण इंजिन काही पेट घेत नाही. गाडी ढकलून कडेला लावली जाते. पंधरा मिनिटांनी सहज म्हणून किल्ली फिरवून पाहावी, तर इंजिन जणू काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते. गॅरेजमध्ये नेईपर्यंत दोषाचा मागमूसही उरत नाही. मेकॅनिक कार्ब्युरेटर साफ करतो, प्लग बदलतो. पुढच्या आठवड्यात कॉइल बदलली जाते, त्याच्या पुढच्या आठवड्यात पंप. आणि गाडी पुन्हा त्याच सिग्नलला अडते.

जुन्या गाडीच्या मालकांना हा अनुभव नवा नाही. यात पैसा जातो हे खरेच. पण खरे नुकसान निराळेच असते. सुस्थितीतील मूळ भाग निघून त्यांच्या जागी कमअस्सल भाग बसतात, मूळचा दोष तसाच राहतो आणि त्यात नव्या दोषांची भर पडते. चांगली गाडी भंगारात निघते ती पुष्कळदा इंजिन संपल्यामुळे नव्हे, तर अशा अंदाजपंचे दुरुस्तीला मालक कंटाळल्यामुळे. ते टाळायचे, तर भाग बदलण्याआधी प्रश्न विचारावे लागतात. आणि ते ठराविक क्रमाने विचारावे लागतात.

आपल्याकडील मोटारींतून कार्ब्युरेटर साधारणपणे २००० सालच्या आसपास हद्दपार झाला आणि त्याची जागा एमपीएफआय म्हणजे इंधन फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. कार्ब्युरेटरची नस ओळखणारे कारागीर त्यामुळे कमी होत चालले आहेत. तेव्हा निदानाचे प्राथमिक ज्ञान मालकाकडेच असणे आता गरजेचे झाले आहे.

पहिला प्रश्न : इंजिन फिरते का?

‘गाडी सुरू होत नाही’ या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. एकीत स्टार्टर इंजिनाला फिरवूच शकत नाही. दुसरीत इंजिन व्यवस्थित फिरते, पण पेट घेत नाही. पहिल्या तक्रारीचा पेट्रोलशी काहीही संबंध नसतो. तिथे कार्ब्युरेटर उघडणे व्यर्थ आहे.

हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंद झाले आणि इंजिन रडतखडत फिरले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरट-हिरवा क्षार साचला आहे. दिवे तेजस्वी राहिले आणि नुसता ‘टक्’ असा आवाज आला, तर दोष स्टार्टरमध्ये वा त्याच्या सोलेनॉइडमध्ये शोधावा. पूर्ण भारित बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर फिरत असताना हा आकडा १० च्या बराच खाली घसरत असेल, तर बॅटरीची तपासणी करून घ्यावी. बॅटरी व इंजिन यांना गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी अर्थिंगची पट्टीही पाहावी. गंजलेली पट्टी नव्या बॅटरीलाही निकामी ठरवते.

दुसरा प्रश्न : ठिणगी पडते का?

इंजिन नीट फिरते, पण पेट घेत नाही; अशा वेळी दाबलेली हवा, योग्य वेळी पडणारी ठिणगी आणि योग्य प्रमाणात पेट्रोल यांपैकी कशाची तरी उणीव असते. कालपर्यंत चालणाऱ्या गाडीत हवेचा दाब सहसा एका रात्रीत नाहीसा होत नाही. म्हणून आधी ठिणगी पाहावी; ती पाहणे पेट्रोलची वाट तपासण्यापेक्षा सोपे असते.

यासाठी एक जादा प्लग गाडीत ठेवावा. इंजिनावरील एका प्लगची वायर काढून ती या जादा प्लगला लावावी, प्लगचे धातूचे अंग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवावे आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगावे. प्लग हातात धरू नये. रबरी मुठीच्या पकडीने धरावा. निळसर, कडकडीत ठिणगी पडली तर प्रज्वलनाची बाजू बहुधा ठीक आहे. पिवळट, दुबळी ठिणगी दिसली किंवा काहीच दिसले नाही, तर कॉइल, डिस्ट्रिब्युटर, कॉन्टॅक्ट पॉइंट, कंडेन्सर आणि वायरी यांचा क्रम लागतो. पावसाळ्यात तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून आतून कोरड्या कापडाने पुसणे, एवढाच उपाय कित्येकदा पुरतो.

तिसरा प्रश्न : पेट्रोल पोहोचते का?

ठिणगी आहे, तरी इंजिन गप्प आहे. मग पेट्रोलकडे वळावे. टाकीपासून इंजिनापर्यंतचा मार्ग मोठा असतो : टाकी व तिची जाळी, नळी, फिल्टर, मेकॅनिक मंडळी ज्याला ‘एसी पंप’ म्हणतात तो इंजिनाच्या गतीवर चालणारा पंप, आणि शेवटी कार्ब्युरेटर. हा मार्ग उलट दिशेने, म्हणजे इंजिनाकडून टाकीकडे तपासणे सोयीचे.

इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचे झाकण काढावे, कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहावे आणि अ‍ॅक्सिलरेटरची तार हाताने एकदा ओढावी. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे. मग जेटमधील कचरा, चोक किंवा मिश्रण यांचा विचार करावा. पिचकारी उडाली नाही, तर पेट्रोल तिथवर आलेलेच नसण्याची शक्यता मोठी. अशा वेळी कॉइलला स्विचकडून येणारी वायर काढून ठिणगी बंद करावी, पंपाकडून कार्ब्युरेटरला जाणारी नळी काढून तिचे तोंड एका बाटलीत धरावे आणि किल्ली फिरवावी. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात येत असेल तर पंप निर्दोष आहे. अडथळा कार्ब्युरेटरच्या निडल व्हॉल्व्हपाशी शोधावा. येत नसेल, तर पंप दोषी ठरवण्याआधी फिल्टर आणि पंपाच्या अलीकडची नळी पाहावी. टाकी ते पंप या टप्प्यात पेट्रोल ओढले जाते. तेथील रबरी नळीला केसाएवढी चीर असली, तरी तीतून पेट्रोल गळत नाही, हवा मात्र आत जाते आणि पंप नुसतीच हवा ओढत राहतो.

प्लगही बोलतो. बराच वेळ स्टार्टर मारल्यावर काढलेला प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल येत नाही. ओला व वासाचा असेल, तर पेट्रोल येते आहे, पण ठिणगी नाही किंवा पेट्रोल अति झाले आहे. कोरडी काळी काजळी हे मिश्रणात पेट्रोल सतत जास्त असल्याचे लक्षण होय.

थंड असताना की गरम असताना?

दोष कोणत्या वेळी प्रकट होतो, ही माहिती कोणत्याही उपकरणापेक्षा मोलाची असते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ कमी होते, थेंब नळ्यांच्या भिंतींना चिकटून राहतात आणि सिलिंडरमध्ये पोहोचणारे मिश्रण विरळ पडते. चोक हवेची वाट अरुंद करून ही उणीव भरून काढतो. त्यामुळे केवळ सकाळीच त्रास देणाऱ्या गाडीत आधी चोकची पट्टी खरोखर मिटते की नुसतीच मूठ बाहेर येते, हे पाहावे.

गरम इंजिनाची तऱ्हा उलटी. उन्हात गाडी बंद करून दहा मिनिटे उभी केली, की इंजिनाची उष्णता कार्ब्युरेटरमध्ये चढते, फ्लोट चेंबरमधील पेट्रोल उकळते आणि इंजिनात सांडते. त्यावर चोक ओढणे वा अ‍ॅक्सिलरेटर वारंवार दाबणे म्हणजे आगीत तेल ओतणे. चोक पूर्ण आत ढकलावा, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून धरावा आणि किल्ली फिरवावी. मोकळी हवा आत जाऊन जादा पेट्रोल बाहेर पडते. दहा सेकंदांहून अधिक काळ स्टार्टर फिरवू नये. दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट जाऊ द्यावे.

आता सायनच्या सिग्नलकडे परत येऊ. धावता धावता अडणाऱ्या आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होणाऱ्या गाडीत तीन संशयित असतात. एक, गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल. दोन, पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ कोंडून प्रवाह तुटणे. तीन, टाकीच्या झाकणातील हवेचे बारीक छिद्र बुजणे. पेट्रोल संपत जाते तशी त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. ती आली नाही तर टाकीत निर्वात निर्माण होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. गाडी उभी राहिली, की फटींतून हवा हळूहळू झिरपते आणि इंजिन पुन्हा सुरू होते.

तिघांचेही लक्षण एकच. ती वेगळी करता येतात ती फक्त गाडी अडलेली असताना. त्याच क्षणी ठिणगी पाहावी. नसेल तर कॉइलची बाजू. असेल तर टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा ‘सूंऽऽ’ असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष झाकणाचा. काहीच फरक पडला नाही, तर पंपावर ओले फडके ठेवावे. थोड्याच वेळात इंजिन पेट घेत असेल, तर वाफेचा संशय बळावतो. मग पेट्रोलची नळी एक्झॉस्टला खेटून गेली आहे काय आणि कार्ब्युरेटरखालची उष्णतारोधक चकती जागेवर आहे काय, हे पाहावे. गॅरेजमध्ये थंड होऊन पोहोचलेल्या गाडीत यातले काहीच दिसत नाही. म्हणूनच निर्दोष पंप बदलला जातो आणि बुजलेले झाकण तसेच राहते.

उभी गाडी आणि इथेनॉल

आठवड्यातून एकदाही न फिरणाऱ्या गाडीची कथा आणखी निराळी. फ्लोट चेंबरमधील पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि मागे चिकट थर राहतो. म्हणून पहिल्या खेपेस इंजिन थोडे जास्त फिरवावे लागणे हा दोष नव्हे. पण महिनोन्‌महिने साचलेले पेट्रोल टाकीत तसेच ठेवून सुरू करण्याचा अट्टहास करू नये. ते काढून ताजे भरावे.

२०२५ साली देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण सरासरी २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलच्या रेणूत वजनाने सुमारे ३५ टक्के प्राणवायू असतो. त्यामुळे त्याच जेटमधून येणारे मिश्रण पूर्वीपेक्षा विरळ ठरते आणि थंड इंजिन चोक अधिक वेळ मागते. इथेनॉल ओलावाही शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले, की इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. पत्र्याच्या टाकीला त्याने गंज चढतो आणि तोच गंज फिल्टर व जेट बुजवतो. जुन्या काळातील रबरी नळ्या, पंपाचा डायफ्राम आणि गॅस्केट या इंधनासाठी बनवलेले नाहीत; ते फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. फिल्टर एकदा बदलून भागत नसेल, तर काचेच्या बाटलीत थोडे पेट्रोल काढून स्थिर ठेवावे. तळाशी पाण्याचा थर वा तांबूस गाळ दिसला, तर उपचार टाकीवर करावा लागेल, हे उघड आहे.

एमपीएफआय असलेल्या गाड्या

एमपीएफआय आलेल्या सुरुवातीच्या गाड्याही आता जुन्या झाल्या आहेत. प्रश्नांचा क्रम तोच, पद्धत मात्र वेगळी. किल्ली ‘ऑन’वर नेताच मागील बाजूस विजेच्या पंपाची दोनएक सेकंद गुणगुण ऐकू आली पाहिजे. ती नसेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहावा, मग पंप. हा पंप टाकीतील पेट्रोलमुळेच थंड राहतो. नेहमी काटा तळाशी ठेवून गाडी चालवणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागते. या गाड्यांच्या नळीत तीन बारच्या आसपास दाब असतो. ती घरच्या घरी कधीही सोडू नये.

सावधगिरी

पेट्रोल दिसते त्याहून त्याची न दिसणारी वाफ अधिक घातक असते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. तपासणी उघड्यावर करावी, जवळ सिगारेट वा पेटता दिवा नसावा आणि हाताशी अग्निशामक असावा. नळी काढून सांडलेले पेट्रोल वाळल्याखेरीज ठिणगीची चाचणी घेऊ नये. नळीतून तोंडाने पेट्रोल ओढू नये. झाकणभर पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये ओतून ‘सेल्फ’ मारण्याची रस्त्यावरील प्रथा तर सर्वांत धोकादायक. इंजिनाने उलट भडका घेतला, तर तो थेट ओतणाऱ्याच्या तोंडावर येतो.

शेवटी एक साधी सवय. गाडीत एक वही ठेवावी. गाडी केव्हा अडली, इंजिन थंड होते की गरम, टाकीत पेट्रोल किती होते, ठिणगी होती का, काय केल्यावर ती सुरू झाली, हे चार ओळींत लिहावे. एका वेळी एकच भाग बदलावा आणि काढलेला जुना भाग लगेच फेकून देऊ नये. मेकॅनिकसमोर ‘काहीतरी बघा’ असे म्हणण्याऐवजी ही वही ठेवली, तर चांगल्या कारागिराचे अर्धे काम तिथेच होते आणि अंदाजावर भाग बदलणाऱ्याचा हातही क्षणभर थांबतो.