प्रोपोलिस: कोणत्या झाडाचा, कोणत्या माशीचा?

संगमनेर-राहात्याकडच्या डाळिंबाच्या बागा फुलोऱ्यात आल्या, किंवा बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याला गोंडे लागले, की अहिल्यानगर जिल्ह्यात मधमाश्यांच्या पेट्यांना मागणी येते. परागीभवनापुरत्या पेट्या भाड्याने आणायच्या आणि फूल सरले की परत पाठवायच्या. अशा पेटीचे झाकण नुसत्या हाताने सहसा उचलत नाही. लोखंडी पट्टी घालून ते उचकटावे लागते, कारण माश्यांनी आतून फटी तपकिरी, चिकट पदार्थाने लिंपलेल्या असतात. मधपाळ तो खरवडून टाकतो आणि हाताला चिकटलेला निघत नाही म्हणून वैतागतो. हाच पदार्थ, प्रोपोलिस, आता छोट्या बाटल्यांतून ‘नैसर्गिक अँटिबायोटिक’ म्हणून विकला जातो. घसा, साखर, जखम, प्रतिकारशक्ती, कर्करोग असे सगळे त्याच्या नावावर खपते.

त्यातले काही खरे आहे. बरेचसे दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या झाडांबद्दल खरे आहे. उरलेले निव्वळ विक्रीचे बोलणे आहे.

‘मध तसा प्रोपोलिस, कुठलीही माशी तो करते’

प्रोपोलिसचा मूळ माल माशी तयार करत नाही. झाडांच्या कळ्यांवर, सालीच्या चिरांवर पाझरणारी राळ ती खरवडते, मागच्या पायांवर लादून आणते आणि त्यात मेण मिसळते. पेटीत गारवा-वारा शिरू नये, बुरशी आणि जंतू वाढू नयेत यासाठी हे लिंपण असते. आत मेलेला उंदीर बाहेर ओढून नेता आला नाही, तर माश्या त्यालाही प्रोपोलिसने मढवतात. त्या तो खात मात्र नाहीत. म्हणून ‘माश्यांचा पौष्टिक आहार’ असे बाटलीवर लिहिलेले असले, तर लिहिणाऱ्याने पेटी उघडून पाहिलेली नाही एवढे नक्की.

आपल्याकडे सर्वाधिक गोंधळ होतो तो माशीच्या जातीवरून. अकोले तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात, झाडांच्या ढोलीत आणि कपारीत राहणारी आपली देशी सातेरी माशी राळ जवळपास गोळाच करत नाही. ती फटी मेणानेच बुजवते. प्रोपोलिस भरपूर गोळा करते ती मेलिफेरा, म्हणजे युरोपीय माशी. तिने 1960च्या दशकात पंजाब-हिमाचलकडे भारतात नीट बस्तान बसवले आणि तिथून ती देशभर पसरली. फळबागांत भाड्याने फिरणाऱ्या पेट्यांत बहुतेक वेळा हीच असते. तेव्हा ‘सह्याद्रीच्या जंगलातील सातेरीचा शुद्ध प्रोपोलिस’ अशी चिठ्ठी दिसली, तर बाटली खाली ठेवावी. फुलोरी माशी मुंग्या चढू नयेत म्हणून फांदीवर चिकट राळेची पट्टी ओढते, पण ती काढून विकण्याइतकी नसते. बारीक, डंख नसलेली पोयाची माशी मात्र राळेवरच जगते म्हणावे इतकी राळ वापरते. मधाची मडकीही ती राळ-मेणाचीच करते. तिचा प्रोपोलिस हा वेगळाच पदार्थ आहे आणि मेलिफेरावर झालेले प्रयोग त्याला लागू होत नाहीत.

‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’

कशावरचे संशोधन, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा. युरोपात माशी प्रामुख्याने पॉप्लरच्या कळ्यांची राळ आणते. त्यात पिनोसेम्ब्रिन, क्रायसिन, गॅलँगिन ही फ्लॅव्होनॉइडे आणि कॅफेइक आम्लाची संयुगे असतात. ब्राझिलचा प्रसिद्ध हिरवा प्रोपोलिस बॅकारिस नावाच्या झुडपाचा. त्यात आर्टेपिलिन-सी हे वेगळेच द्रव्य मुख्य. ब्राझिलमध्येच समुद्रकाठचा लाल प्रोपोलिस तिसऱ्याच वनस्पतीपासून येतो. नाव एक, पण आतला माल निरनिराळा.

आता श्रीगोंद्याच्या लिंबाच्या बागेत ठेवलेल्या पेटीचा विचार करा. आसपास पॉप्लर नाही. पॉप्लरची लागवड पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात होते. बॅकारिस तर नाहीच. बाभळीचा डिंक आहे, पण डिंक आणि राळ या दोन गोष्टी आहेत: डिंक पाण्यात विरघळतो, राळ पाण्याला दाद देत नाही, तिला अल्कोहोल लागते. प्रोपोलिसचा अर्क म्हणूनच बहुधा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो. तो पाण्यात टाकला की पाणी दुधाळ होते आणि विक्रेते ते शुद्धतेची खूण म्हणून दाखवतात. अल्कोहोलमधली कोणतीही राळ पाण्यात टाकली तरी तेच होते. ही परीक्षा कशाचीच नाही.

जिल्ह्यातल्या पेटीत माशी नेमके काय आणते, हे तिथल्या झाडांवर, ऋतूवर आणि पेटी आधी कुठल्या राज्यातून आली यावर ठरते. राळ मिळाली नाही तर ती रस्त्याचे डांबर, ओला रंगही गोळा करते. तशा नोंदी जगात अनेक ठिकाणी झाल्या आहेत. ब्राझिलच्या प्रयोगाचा आकडा आपल्या बाटलीवर छापणे म्हणजे शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर कर्ज काढण्यासारखे आहे.

मग उपयोग काहीच नाही?

आहे, पण छोट्या जागेत. ओठांवर ताप फुटतो, म्हणजे नागिणीच्या कुळातल्या विषाणूचे फोड येतात, त्यावर प्रमाणित अर्काचे मलम लावल्यास फोड थोडे लवकर भरतात, असे चाचण्यांत दिसले आहे. कर्करोगाच्या उपचारात तोंड येते, त्यावेळी प्रोपोलिसच्या गुळण्यांनी काही रुग्णांना आराम पडल्याचे दाखलेही आहेत. या दोन्ही ठिकाणी औषध थेट जागेवर लागते, हा मुद्दा महत्त्वाचा. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत प्रोपोलिस जंतू मारतो हे खरेच आहे. गिळल्यावर पोटातून रक्तात जेमतेम काय पोचते, ही गोष्ट निराळी. कर्करोगाच्या पेशी बशीत मरतात, एवढ्यावर ‘कर्करोगावर गुणकारी’ म्हणणे तर क्रूरपणाच.

मधुमेहात निकाल एकसारखे नाहीत. इराणमधल्या छोट्या चाचण्यांत नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला दिलेल्या प्रोपोलिसने साखर थोडी उतरली. जपानमध्ये ब्राझिली प्रोपोलिस देऊन पाहिला, तिथे साखरेत तसा फरक पडला नाही. गोळी बंद करून थेंब घ्यावेत, असे यातली एकही चाचणी सांगत नाही. करोनाच्या काळात ब्राझिलमधल्या एका रुग्णालयात 124 रुग्णांवर चाचणी झाली. प्रोपोलिस घेतलेले लवकर घरी गेले, पण कोणाला काय दिले हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होते आणि प्राणवायूची गरज काही कमी झाली नाही. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर यातला पहिला अर्धाच फिरला. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2010 मध्ये प्रोपोलिसबद्दलचे आरोग्यदावे तपासले आणि कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही म्हणून ते नाकारले.

‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’

सगळ्यांत जास्त अपाय त्वचेला होतो. प्रोपोलिसमधली कॅफेइक आम्लाची संयुगे अॅलर्जी आणण्यात पटाईत आहेत. मधपाळांच्या हातांवर खाजरे चट्टे उठणे हा या धंद्यातला जुना त्रास. पहिल्या वेळी काही होत नाही, पुढच्या एखाद्या वेळी होते. म्हणून ‘मागे लावला होता, तेव्हा चालला’ याला अर्थ नाही.

आपल्या भागासाठी एक वेगळी शंका मला रास्त वाटते. इंडोनेशियात माशी आंब्याची राळ आणते आणि तिथल्या प्रोपोलिसमध्ये कार्डोलसारखी द्रव्ये सापडली आहेत. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. आंब्याचा चीक ओठावर उततो, बिब्बा कातडी जाळतो, हे घराघरांत ठाऊक आहे. पेटीभोवती आमराई असेल, तर त्या प्रोपोलिसचे मलम तोंडावर चोपडण्याआधी दहादा विचार करावा. मनगटावर थेंब लावून बघण्याची घरगुती तपासणी पुरेशी नाही. अॅलर्जीची पट्टी-चाचणी त्वचारोगतज्ज्ञाकडेच होते.

दमा, परागकणांची किंवा माशीच्या डंखाची अॅलर्जी असलेल्यांनी प्रोपोलिसपासून लांब राहिलेले बरे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शस्त्रक्रियेच्या आणि दात काढण्याच्या दोन आठवडे आधी बंद करावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुले यांच्यासाठी सुरक्षित मात्रा ठरलेली नाही, शिवाय थेंबांत अल्कोहोल असते. मधात कालवून तान्ह्या बाळाला चाटवणे तर दुहेरी चूक, कारण एक वर्षाखालच्या बाळाला मधही देऊ नये. मूत्रपिंड अचानक निकामी झाल्याचे एक प्रकरण 2005 मध्ये तैवानमधून नोंदले गेले. एका रुग्णावरून नियम होत नाही, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी लक्षात ठेवावे.

आणखी एक. आपल्या जिल्ह्यात तंबाखू, मिशेरी, गुटखा कमी नाही. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर प्रोपोलिसचे थेंब टाकत बसू नये, तोंड दाखवावे. त्या थेंबांनी आग कमी होते आणि नेमके म्हणूनच दिवस वाया जातात.

राळ चरबीत विरघळणाऱ्या विषांना धरून ठेवते. वरोआ या परजीवी कोळ्यासाठी पेटीत लावलेल्या पट्ट्यांचे औषध तीत उतरते, बागेतल्या फवारणीचेही उतरू शकते. रंगवलेल्या लाकडावरून खरवडलेल्या मालात शिसे सापडलेले आहे. चांगला माल हवा असेल, तर चौकटीवर खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकची जाळी ठेवून, ती गारठवून, प्रोपोलिस तडकवून काढतात. एका वसाहतीकडून तो वर्षाला ग्रॅमांत मोजण्याइतकाच मिळतो. पिशवीभर स्वस्त प्रोपोलिस देणाऱ्याला तो कुठून आला हे विचारावे. मधपाळांनाही हे खरवडण्याआधी शिकून घेता येईल. त्यासाठी पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे.

‘आयुर्वेदात आहेच’ हे उत्तरही ऐकू येते. संहितांत मधाचे आठ प्रकार आहेत, मेणाला मधूच्छिष्ट म्हणून जागा आहे. मध आणि मेणाचे गुण राळेच्या पदरात टाकायचे, असा तो हिशेब आहे.

बाटलीवरचा चौदा आकडी अन्नपरवाना एवढेच सांगतो की उत्पादक नोंदणीकृत आहे. अन्न म्हणून परवाना घेतलेल्या वस्तूला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही आणि मधुमेह किंवा कर्करोग बरा करतो अशा जाहिरातीला 1954च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई केलेली आहे. असा जाहिरातीचा कागद हाती आला तर तो फाडून टाकण्यापेक्षा अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात नेऊन द्यावा, सोबत बाटलीची पावती असली तर उत्तम.