खोलीचा घुमारा आणि इक्वलायझर

वसई-विरारमधील सदनिकांच्या बैठकीच्या खोल्यांत बहुधा गुळगुळीत फरशी, प्लास्टरच्या भिंती आणि सरकत्या काचेच्या खिडक्या असल्याने ध्वनी शोषला जाण्यापेक्षा परावर्तितच अधिक होतो. शिवाय समोरासमोरच्या भिंतींत 3 मीटर अंतर असेल, तर सुमारे 57 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 57 कंपनांचा, खर्जातील स्वर खोली स्वतःच फुगवते. अशा वेळी उपयोगी पडणारा इक्वलायझर म्हणजे 20 ते 20,000 हर्ट्झ या श्राव्य पल्ल्याचे पट्टे पाडून प्रत्येकाची पातळी स्वतंत्रपणे कमी-जास्त करणारे उपकरण होय. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते ‘टेप मॉनिटर’च्या जोडणीत, तर इतरत्र प्रीअ‍ॅम्प्लिफायर आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये बसवतात, स्पीकरकडे जाणाऱ्या तारांवर मात्र ते जोडत नाहीत. एखादा पट्टा 3 डेसिबलने (डेसिबल हे ध्वनिपातळीचे एकक आहे) चढवला, की त्या पट्ट्यापुरती जवळजवळ दुप्पट शक्ती लागते, म्हणून दबलेले स्वर चढवण्यापेक्षा फुगलेले स्वर उतरवणे श्रेयस्कर ठरते. तथापि खोलीतील प्रतिध्वनी या उपकरणाने मिटत नाही. त्यासाठी जाड पडदे, गालिचा आणि स्पीकरची योग्य जागा यांचाच आधार घ्यावा लागतो, आणि किनाऱ्यावरील खाऱ्या, दमट हवेत जोडणीच्या पिनांवर गंज चढणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते.