अठ्ठावीस अक्षरांची चाल

२० नोव्हेंबर १९४७. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राजकन्या एलिझाबेथचं लग्न होतं आणि रेडिओवरून ते जगभर ऐकलं जात होतं. त्या सोहळ्यात बायबलमधलं तेविसावं स्तोत्र गायलं गेलं. परमेश्वराला मेंढपाळ म्हणणारं हे स्तोत्र सर्वांच्या ओळखीचं, पण त्याची चाल इंग्लंडात तोवर फारशी रुळलेली नव्हती. चालीचं नाव ‘क्रिमंड’. ती रचली असं जिच्याबद्दल आज बहुतेक जण मानतात, ती जेसी सेमूर अर्विन तेव्हा जाऊन साठ वर्षं झाली होती.

जेसीचा जन्म १८३६ सालचा, ईशान्य स्कॉटलंडमधल्या डनॉटरचा. वडील चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाळक. त्यांच्या बदल्यांबरोबर घरही हललं: डनॉटर, पीटरहेड आणि मग क्रिमंड हे लहानसं गाव. चालीला नाव मिळालं ते या गावाचं.

स्तोत्राच्या चालीला गावाचं नाव का? कारण त्या काळी स्कॉटलंडमध्ये चाल एखाद्या ठरावीक शब्दांना बांधलेली नसे. १६५०च्या स्कॉटिश स्तोत्रसंग्रहात बहुतेक स्तोत्रं एकाच मापात बसवलेली आहेत: पहिल्या ओळीत आठ अक्षरं, दुसरीत सहा, पुन्हा आठ, पुन्हा सहा. एकूण अठ्ठावीस. माप एक असल्यामुळे या मापातलं कुठलंही स्तोत्र कुठल्याही चालीत म्हणता येई. एकाच मापाचे वेगवेगळे अभंग आपण एका चालीत म्हणतो, तसंच हे. मग चाली ओळखायच्या कशा? तर बऱ्याचदा गावांच्या नावांनी: डंडी, किल्मारनॉक, क्रिमंड.

या मापाचं बंधन केवढं कडक आहे पाहा. अठ्ठावीस अक्षरांत सुरुवात, चढ, उतार आणि विसावा, सगळं बसलं पाहिजे. शिवाय गाणारे कोण? शेतकरी, कोळी, म्हाताऱ्या बाया, पोरं. चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये ऑर्गन येऊ लागला तो १८६०च्या दशकात. तोवर मंडळी आपल्या गळ्यावरच गात. चाल एकदोनदा ऐकून तोंडात बसली नाही, तर ती तिथेच संपली!

‘क्रिमंड’ तीन मात्रांच्या संथ डौलात चालते. पहिल्या अक्षरावर ती खालच्या पंचमावर उभी असते आणि दुसऱ्या अक्षराला थेट गांधारावर झेप घेते. एवढ्या एका उडीत मन वर उचललं जातं. पुढे सूर बहुतेक पायरी-पायरीने जातात, म्हणून न शिकलेला गळाही चुकत नाही.

ही चाल छापली गेली १८७२मध्ये, ॲबर्डीनच्या विल्यम कार्नी यांच्या ‘नॉर्दर्न साल्टर’ या संग्रहात. नाव मात्र होतं डेव्हिड ग्रँट यांचं. ग्रँट ॲबर्डीनमधले तंबाखूचे व्यापारी आणि हौशी संगीतकार. १८८७मध्ये जेसी वारली, तेव्हाही तिचं नाव चालीला लागलेलं नव्हतं. १९११मध्ये तिची बहीण ॲना हिने पत्र लिहून सांगितलं की चाल जेसीची. ग्रँट यांच्याकडे ती स्वरसाथ बसवण्यासाठी पाठवली होती, असं तिचं म्हणणं. यावर अभ्यासकांचा वाद पुष्कळ झाला, अजूनही काही जण ग्रँट यांचीच बाजू घेतात. पण आज अनेक स्तोत्रसंग्रहांत चालीखाली जेसीचं नाव असतं. एका बहिणीने चोवीस वर्षांनंतर लेखणी उचलली नसती, तर हे घडलं असतं का?

१९३०च्या दशकात ह्यू रॉबर्टन यांच्या ग्लासगो ऑर्फियस गायकवृंदाने ही चाल घराघरांत नेली. आणि मग ते शाही लग्न. लग्न तोंडावर आलं तरी चालीवरच्या उंच जोडसुरांची प्रत सापडेना. राजकन्येच्या सोबतीण लेडी मार्गारेट एगर्टन यांनी ते सूर गाऊन दाखवले आणि ॲबेचे ऑर्गनवादक विल्यम मॅकी यांनी ते उतरवून घेतले. १९ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच ॲबेमध्ये, राणी एलिझाबेथच्या अंत्यविधीत, हीच चाल पुन्हा गायली गेली.

लग्नात आणि मरणात सारखीच शोभणारी चाल रचायला जेसीला ना दरबार लागला, ना वाद्यवृंद. तिच्यापुढे होतं खेड्यातलं एक चर्च आणि गाऊ पाहणारी साधी माणसं. त्यांच्या गळ्याला पेलेल एवढंच तिने मागितलं, म्हणून ती चाल राजवाड्यालाही पुरली. ‘क्रिमंड’ ऐकायची झाली, तर आधी एखाद्या गावच्या मंडळीने गायलेली ऐकावी. जेसीने ती त्यांच्यासाठीच रचली होती.