पुन्हा ठेवा, मावशी

आधारची पहिली गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: 29 सप्टेंबर 2010, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलेले पहिले आधार क्रमांक. पुढची गोष्ट टेबलाच्या आतल्या बाजूला घडते आणि तिथे मी साडेपाच वर्षं बसले आहे, तालुक्याच्या गावातल्या एका सेवा केंद्रात. ठसा जुळला नाही की आमच्या पडद्यावर 300 हा आकडा यायचा. रांगेतल्या माणसाला तो कळायचा नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून त्याला सगळं समजायचं. मग मी म्हणायचे, "पुन्हा ठेवा, मावशी."

पहिल्याच उन्हाळ्यात एक कोडं पडलं. सकाळी सगळं सुरळीत आणि दुपारी तीननंतर एकामागून एक 300. सकाळी अंगठा लावून पैसे घेऊन गेलेल्या बाईची जाऊ दुपारी रिकाम्या हाताने परत जायची. आम्ही घामाला दोष दिला, तंबाखूला दिला, हळदीला दिला. दोन बायकांना तर चक्क हात धुवायला पाठवलं. एका दुपारी आभाळ भरून आलं आणि एकूण एक अंगठा लागला! आमचं यंत्र काचेखालून उजेड टाकून बोटाचं चित्र घ्यायचं आणि पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन नेमकं त्या काचेवर पडायचं. खिडकीला पुठ्ठा लावला, तेवढ्याने गावाचे अंगठे बरे झाले.

केंद्रात टेबलं दोन. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा खोबरेल तेलावर विश्वास, माझा कोरड्या पंचावर. किती खेपांत अंगठा लागतो यावर आमचे चहा ठरायचे. पौषात तो जिंकायचा, कारण सुकलेली, भेगाळलेली कातडी काचेला नीट टेकत नाही. तिला ओलावा लागतो. आषाढात मी जिंकायचे, कारण दमट बोटाच्या रेघांमधल्या फटी भरून जातात आणि पडद्यावर नुसता काळा डाग उमटतो. ही चुरस मिटली दिवाळीच्या तोंडावर. आधार दुरुस्तीच्या अर्जावर ऑपरेटरलाही आपला ठसा द्यावा लागतो. सहकारी आदल्या दिवशी घराला चुना काढून आला होता. तेल झालं, पंचा झाला, बोट कपाळावर फिरवून झालं, अंगठा काही लागेना. समोर चाळीस माणसं ताटकळलेली. शेवटी पहिल्या नंबरवरची म्हातारीच मायेने म्हणाली, "पुन्हा ठेव, दादा. होतं असं."

चुना आणि सिमेंट कातडी खातात, म्हणून गवंड्यांचे ठसे अवघड. काजू सोलणाऱ्यांची बोटं टरफलातल्या चिकाने भाजतात. हे सगळं अनुभवाने कळत गेलं आणि त्या अनुभवानेच एकदा फसवलं. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला एक आजी आल्या. हात बघूनच मी मनाशी ठरवून टाकलं की रेघा झिजल्यात. दहाही बोटं पाहिली, कोमट पाणी आणलं, पाऊण तास गेला. आजी सारख्या "माझंच काहीतरी चुकतंय" म्हणत होत्या. मग माझं लक्ष नीट आकड्याकडे गेलं. तो 300 नव्हता, 330 होता! म्हणजे ठसे न जुळण्याचा प्रश्नच नव्हता, ते कुलूपबंद केलेले होते. पुण्यातल्या मुलाने अंगठ्यावरून होणाऱ्या फसवणुकीच्या बातम्या वाचून काळजीपोटी आईचं बायोमेट्रिक लॉक केलं होतं आणि तिला सांगायचं राहून गेलं होतं. त्याला फोन लावला, त्याने ते उघडलं. आजींचा अंगठा पहिल्याच खेपेला लागला. त्या दिवसापासून मी आधी आकडा बघते, मग हात.

एका गृहस्थांची बोटं तर कागदासारखी गुळगुळीत होती. घाईच्या वेळी मी त्यांना थोडं तोडूनच विचारलं, "काका, हाताला काय लावलंय?" ते हळूच म्हणाले, "कॅन्सरच्या गोळ्या चालू आहेत." कॅपेसिटाबिन नावाच्या औषधाने तळहाताची कातडी सोलून ठसे पुसले जाऊ शकतात. सिंगापूरच्या एका रुग्णाला याच कारणाने अमेरिकेच्या विमानतळावर चार तास थांबवून ठेवलं होतं. 2009 साली त्याच्या डॉक्टरांनी ते वैद्यकीय नियतकालिकात छापलं. मला हे फार उशिरा वाचायला मिळालं. त्या काकांचं काम मोबाइलवर आलेल्या ओटीपीने दोन मिनिटांत झालं. तो रस्ता माझ्या हाताशी पहिल्यापासून होता, मी तो आधी विचारात घेतला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि ती सून. रेशन कार्डाच्या ई-केवायसीसाठी तिने सहा खेपा घातल्या. भांडी, धुणं, गोठा. बोटांवर रेघ म्हणून उरली नव्हती. मग ती बरेच दिवस दिसली नाही. आली ती कडेवर बाळ घेऊन, सासूबरोबर. बाळंतपणाला माहेरी गेली होती. मी सवयीने तेलाची बाटली पुढे सरकवली. तिने आधीच बोट ठेवलं होतं आणि ते लागलं.

"काय केलंस गं?"

"काही नाही, ताई. आईने सव्वा महिना पाण्यात हात घालू दिला नाही."

ठशांची ठेवण आईच्या पोटातच ठरते आणि ती कातडीच्या आतल्या थरात असते. वरचं झिजतं, पण हाताला उसंत मिळाली तर त्याच रेघा पुन्हा वर येतात. मी लगेच आधारसाठी तिच्या दहाही बोटांचे ठसे नव्याने घेतले.

सासू मागून सगळं ऐकत होती. तिचा अंगठा मला ठाऊक होता, दोन वर्षांत एकदाही लागला नव्हता. ती म्हणाली, "लवकर आटपा ताई, सोमवारपासून भांड्यांना लागायचीय ती." मग पदराला बोट पुसत स्वतःच पुढे झाली. "माझंही बघा जरा. मला आता माहेर नाही."