सामना पाहणे आणि सामन्याला जाणे

‘सामना पाहणे’ व ‘सामन्याला जाणे’ हे दोन प्रयोग मराठीत एकेकाळी जवळजवळ समानार्थी होते. पाहावयाचे तर जावेच लागे. वऱ्हाडी बोलीत ‘पाहाले’ हे रूप बहुधा ‘जाणे’ या क्रियापदाच्या सोबतीनेच येते: ‘कुस्त्या पाहाले गेल्तो’, ‘पट पाहाले चाल्लो’. आज त्याच बोलणाऱ्याच्या तोंडी ‘मॅच लावली’ हा प्रयोग रुळला आहे. दिवा लावावा, रेडिओ लावावा, तसा सामनाही घरात लावता येतो. अमरावती व अकोला येथील महाविद्यालयांच्या मैदानांवर सामना रंगात असतानाही कडेला राखीव खेळाडू, क्रीडाशिक्षक आणि चार मित्र एवढेच का दिसतात, याचा शोध घेताना क्रियापदांच्या या फारकतीपासून आरंभ करणे सोयीचे होईल.

या प्रदेशाला खेळाचे वावडे नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्यांत कबड्डीही होती. ही कबड्डी मातीतली. चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषांपासून हातभर अंतरावर प्रेक्षक बसत. चढाई करणाऱ्याचा दम सुटला की नाही, हे पंचाला कानाने ठरवावे लागते. कडेला बसलेल्याला तोच आवाज ऐकू येई आणि पंचाच्या निर्णयावर वाद घालण्याचा अधिकारही त्यामुळेच त्याला प्राप्त होई. पडद्यावरील प्रक्षेपणात समालोचन व वाद्यांचा गजर यांखाली हा दम बहुतांशी दडून जातो. तथापि प्रक्षेपणाने खेळाचे नुकसानच केले असे म्हणता येणार नाही. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर जे तरुण मैदानाकडे फिरकत नव्हते, तेही बोनस गुणाचा नियम बिनचूक सांगू लागले. आवड आटली म्हणून प्रेक्षक आटला, हे अनुमान म्हणूनच टिकत नाही.

सर्व दोष दूरदर्शन व भ्रमणध्वनी यांच्या माथी मारण्याची रीत आहे. ती सोपी असली तरी अपुरी आहे, हे शंकरपटावरून स्पष्ट होते. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने संबंधित कायदे वैध ठरविले. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट पुन्हा भरू लागला, तशी माणसेही पुन्हा लोटली. पटाची चित्रफीत घरबसल्या पाहता येत नाही असे नाही. परंतु जोडी धावते ती काही सेकंदच. उरलेला सारा दिवस बैल पारखण्यात, जोडी कोणत्या गावची हे विचारण्यात, सोयऱ्याधायऱ्यांची गाठ घेण्यात आणि खाण्यापिण्यात जातो. येथे ‘पाहणे’ हा ‘जाणे’ या क्रियेचा एक लहानसा अंश आहे. पडदा तेवढाच अंश घरी आणून देतो. बाकीच्यासाठी जावेच लागते.

महाविद्यालयीन सामन्यात हा ‘बाकीचा’ भाग कोणता, असा प्रश्न केला तर उत्तर देणे कठीण जाते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एखाद्या यजमान महाविद्यालयाकडे सोपविली जाते आणि बाद पद्धतीने दोन-तीन दिवसांत उरकते. अकोल्याचा संघ बुलढाण्यास खेळला, तर त्याचे वर्गमित्र शंभर किलोमीटर दूर असतात, आणि तो जिंकल्याची वार्ता त्यांना सूचनाफलकावरून कळते. ज्याला आपले मैदान नाही, त्या संघाला आपला प्रेक्षक कोठून मिळावा? त्यात सत्रपद्धतीची भर पडली. वार्षिक परीक्षेच्या काळात हिवाळा खेळांना मोकळा सापडे. आता हिवाळी परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत येतात. शिवाय खेड्यातून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचे लक्ष सायंकाळच्या सामन्यापेक्षा एस.टी.च्या शेवटच्या गाडीकडे असणे साहजिक आहे. त्याला उदासीन म्हणणे अन्यायाचे होईल.

अमेरिकेत यातील बहुतेक अडचणी नाहीत. तेथील महाविद्यालयीन फुटबॉल संघाला स्वतःचे क्रीडांगण असते. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात लाखाहून अधिक माणसे बसतात. तरीही २०१८ च्या हंगामात तेथील वरिष्ठ गटातील सामन्यांची सरासरी उपस्थिती सुमारे ४२ हजारांवर, म्हणजे १९९६ नंतरच्या नीचांकावर आली. जाहिरातींच्या विरामांनी साडेतीन तासांपर्यंत लांबलेला सामना घरीच बरा दिसतो, असे तेथील विद्यार्थ्यांना वाटू लागले होते. तेथे पडद्याने असलेला प्रेक्षक ओढून नेला. वऱ्हाडात पडद्याने भरून काढली ती आधीच रिकामी झालेली जागा.

क्रिकेटमध्येही तेच आढळते. विदर्भाने रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असा तीनदा जिंकला. त्यांपैकी दोन अंतिम सामने नागपूरजवळील जामठ्यास झाले. अमरावतीहून ते अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते. अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्मा २०२३ मध्ये भारताकडून खेळला, तो हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत. गावच्या मुलाचा हा खेळ गावाला पडद्यावरच पाहावा लागला.

यजमान महाविद्यालयाचाच संघ अंतिम फेरीत पोहोचला, तर मात्र चित्र पालटते. वर्ग ओस पडतात, फक्कीच्या रेषेपर्यंत मुले सरकतात आणि क्रीडाशिक्षकाला त्यांना मागे सारावे लागते. बक्षीस समारंभ सुरू होतो तेव्हा त्यांतील निम्मी बसस्थानकाच्या वाटेला लागलेली असतात.