चुनखडीचा देश
लेखमाला : दर्या आणि दगड । लेखांक पाचवा : बेलिझ

मागच्या आठवड्यात आपण बेलिझ सिटीत थांबलो होतो. महोगनीच्या ढलप्या आणि रमच्या रिकाम्या बाटल्या यांच्या भरावावर हे शहर उभं आहे, असं तिथले लोक हसत सांगतात. इंग्रज लाकूडतोड्यांचा इथला इतिहास पाहता ते अगदीच अशक्य वाटत नाही. या शहरातून प्रवाशाला दोन वाटा फुटतात. बोटीत बसलात तर तासाभरात के कॉकर, दीड तासात अँबरग्रिस के. म्हणजे वाळू, नारळ आणि पाण्याखाली प्रवाळ. अमेरिकेतल्या शाळांनी मोडीत काढलेल्या आणि इथे रंग चढवून पुन्हा रस्त्यावर आलेल्या बसमध्ये बसलात, तर अडीच-तीन तासांत सान इग्नासिओ, आणि त्याच्या आसपास माया लोकांची पडकी नगरं. सहल कंपन्या हीच वाटणी विकतात : तीन दिवस अवशेष, तीन दिवस समुद्र.

ही वाटणी तिकिटांपुरतीच खरी आहे. पुणे आणि रायगड हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढं क्षेत्रफळ होईल, साधारण तेवढा हा देश, लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. त्यातली बेटं, गुहा, पिरॅमिड आणि ताटातली मक्याची भाकरीसुद्धा एकाच दगडाची देणगी आहे. तो दगड म्हणजे चुनखडी. सह्याद्रीच्या काळ्या, टणक, पाणी धरून ठेवणाऱ्या कातळात वाढलेल्या माणसाला तिचा स्वभाव समजायला जरा वेळ लागतो, म्हणून हा अख्खा लेखांक तिच्यासाठी.

तो स्वभाव पाहायचा तर काराकोल या माया नगराचा रस्ता धरावा. सान इग्नासिओहून दक्षिणेला निघालं की रस्ता माउंटन पाइन रिज नावाच्या पठारावर चढतो आणि भोवतालचं रान एकदम बदलतं. उष्ण कटिबंधात नसावीत अशी वाटणारी पाइनची झाडं, लालसर रेताड माती, आणि रियो ऑनसारख्या नद्यांचे ग्रॅनाइटवरून खळाळणारे डोह. हा भाग चुनखडीचा नाही. म्हणूनच इथे पाणी वर दिसतं. अजून थोडं पुढे गेलं की पाइन संपतात, रुंद पानांचं दाट जंगल सुरू होतं आणि रियो फ्रियोची प्रचंड गुहा लागते. खडक बदलल्याचं एवढं स्पष्ट दर्शन गाडीच्या खिडकीतून क्वचितच घडतं. वाहनचालक बहुतेक वेळा डोहावर पोहायला थांबवतात. ही सीमारेषा दाखवायला कुणी थांबवत नाही, आपणच सांगावं लागतं.

चुनखडी पाण्यात विरघळते. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, फटींतून खाली उतरतं, फटीची भेग होते, भेगेची गुहा. वर जमीन हिरवीगार आणि पाणी मात्र पायाखाली खोल, अशी विचित्र अवस्था होते. काराकोल अशाच पठारावर वसलं होतं. शेजारून नदी वाहत नाही. तरीही इसवी सनाच्या सातव्या शतकात इथे लाखभर माणसं राहत होती, असा संशोधकांचा अंदाज आहे. १९३७ मध्ये महोगनीची झाडं शोधत फिरणाऱ्या एका माणसाला हे नगर सापडलं. १९८५ पासून डायेन आणि आर्लेन चेस हे दांपत्य इथे उत्खनन करत आहे. पण नगराचा खरा आवाका कळला तो २००९ मध्ये, विमानातून लेझर किरण सोडून जंगलाखालची जमीन मोजली तेव्हा. सुमारे दोनशे चौरस किलोमीटरच्या त्या मोजणीत डोंगरउतारांवर शेतीसाठी बांधलेल्या पायऱ्या दिसल्या, सरळ आखलेले रस्ते दिसले, पाणी साठवायची तळी दिसली. पावसाचा थेंब जमिनीत मुरण्याआधी अडवायचा, हाच या नगराच्या रचनेतला पहिला विचार होता. काना नावाचा इथला मुख्य पिरॅमिड सुमारे ४३ मीटर उंच आहे आणि आजही देशातल्या सर्वात उंच मानवनिर्मित वास्तूंत मोडतो. लोक त्याचे फोटो काढतात आणि तळ्यांकडे पाठ करून निघून जातात. मला विचाराल तर आधी तळी बघावीत.

हे सगळं बांधलं कशानं? माया लोकांकडे धातूची अवजारं नव्हती, ओझ्याला बैल किंवा घोडे नव्हते, गाड्याला चाक नव्हतं. पण चुनखडी खाणीतून काढताना मऊ असते आणि उघड्यावर पडली की घट्ट होत जाते, त्यामुळे चकमकीच्या दगडाच्या पात्यांनी ती घडवता येई. उरलेलं काम चुन्याचं. लाकडांचा ढीग रचायचा, त्यावर चुनखडीचे तुकडे ठेवायचे आणि पेटवून द्यायचं. आठशे-नऊशे अंशांच्या पुढे दगडातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विझवायचा, सास्काब नावाची पांढरी भुसभुशीत माती मिसळायची, की गिलावा तयार. कोकणात शिंपले भाजून चुना काढायचे, त्याच जातीचा हा उद्योग. चौकांच्या फरशा, भिंती, देवळांचे चौथरे, सगळ्यावर याचाच थर. आज आपल्याला दिसतात ते करडे, शेवाळलेले दगड म्हणजे गिलावा गळून पडलेला सांगाडा आहे. मूळ नगरं चुन्याने लिंपलेली आणि ठिकठिकाणी लाल रंगवलेली होती. याचा थोडा अंदाज शुनान्तुनिच या माया नगरात येतो. तिथल्या एल कास्तियो या ४० मीटरच्या पिरॅमिडवर गिलाव्यात घडवलेली शिल्पपट्टी आहे. समोर दिसते ती फायबरग्लासची प्रतिकृती, मूळ काम तिच्या मागे सुरक्षित ठेवलेलं आहे. शुद्धतावाद्यांना हे खटकतं. मला नाही खटकत. चुना पावसात झिजतो, हे एकदा मान्य केलं की दुसरा इलाज उरत नाही.

या भट्ट्यांना लाकूड अफाट लागे. जितकी देवळं मोठी, तितकं जंगल कमी, आणि जंगल कमी झाल्यावर पाऊसही रोडावला, असं एक मत आहे. ते कितपत खरं यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पाऊस रोडावला हे मात्र निश्चित, आणि त्याकडे आपण येऊच.

त्याआधी भाकरी. चुन्याशिवाय मक्याची भाकरी होत नाही. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवतात, मग चोळून साल काढतात आणि ग्रॅनाइटच्या पाट्यावर वाटतात. पाट्यांसाठीचा ग्रॅनाइट अर्थात डोंगराकडून यायचा. चुनखडीचा पाटा वापरला तर पिठात दगड उतरेल. चुन्याने साल सुटते, पीठ चिकट होऊन थापता येतं, आणि मक्यात बांधलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपीय लोकांनी अमेरिकेतून मका नेला, चुना मात्र नेला नाही. अठराव्या शतकापासून उत्तर इटलीत मक्यावर जगणारे गरीब शेतकरी पेलाग्राने आजारी पडू लागले. कातडी सोलवटणारा, शेवटी बुद्धी भ्रमिष्ट करणारा तो रोग. मका हेच मुख्य अन्न असलेल्या माया खेड्यांना चुन्यामुळे त्यापासून संरक्षण होतं. जिथे दगडाचा चुना सोयीचा नसे, तिथे नदीतल्या गोगलगायींची कवचं जाळूनही तो मिळवत.

गुहांमध्ये हाच चुना माणसांवर चढला आहे. आक्तुन तुनिचिल मुक्नाल या गुहेत छातीभर पाण्यातून चालत, कधी पोहत आत जावं लागतं. आतल्या कोरड्या दालनात बळी दिलेल्या माणसांचे सांगाडे आहेत. हजार-बाराशे वर्षं छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने त्यातल्या एका सांगाड्यावर चुन्याचं स्फटिकासारखं आवरण चढवलंय. माया समजुतीप्रमाणे गुहा हे पाऊसदेवाचं घर, आणि या गुहेतले विधी जसजसा काळ अवर्षणाकडे झुकला तसतसे अधिक आतल्या अंधाराकडे सरकत गेले, असं संशोधक मानतात. २०१२ मध्ये एका पर्यटकाच्या हातून कॅमेरा निसटून कवटीवर पडला. तेव्हापासून आत कॅमेरा नेता येत नाही. बूटही दालनाआधी काढावे लागतात, मोजे मात्र घालावेच लागतात. गर्दीच्या स्थळांवर असे नियम आणखी हवेत, असं माझं ठाम मत आहे.

आता समुद्राकडे वळू. दगड तोच. सुमारे तीनशे किलोमीटर लांबीची प्रवाळभिंत किनाऱ्याला समांतर जाते.  ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळरांगेखालोखाल मोठ्या मानल्या जाणाऱ्या मेसोअमेरिकन रांगेचा ही भिंत भाग आहे. प्रवाळाचे जीव समुद्रातलं कॅल्शियम घेऊन चुनखडीचीच घरं बांधतात. पोपटमासा ती कुरतडतो आणि पोटातून बारीक वाळू बाहेर टाकतो. पर्यटक ज्या पांढऱ्या वाळूत पहुडतात, तिचा बराच वाटा या माशाच्या पोटातून आलेला असतो. हाच मासा प्रवाळावर वाढणारं शेवाळही खाऊन साफ करतो, म्हणून बेलिझने २००९ मध्ये त्याच्या मासेमारीवर बंदी घातली. त्याच वर्षी युनेस्कोने ही भिंत धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत टाकली होती. समुद्रात तेल शोधायला मनाई करणारा कायदा झाल्यावर २०१८ मध्ये ती यादीतून बाहेर आली.

भिंतीपलीकडे, मुख्य भूमीपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर, लाइटहाउस रीफच्या मधोमध आहे ग्रेट ब्लू होल. साधारण तीनशे मीटर रुंद, सव्वाशे मीटर खोल. समुद्रसंशोधक जाक कुस्तो १९७१ मध्ये आपलं जहाज घेऊन इथे आला आणि त्याने हे विवर जगाला माहीत करून दिलं. चाळीस मीटर खाली पाणबुड्यांना छतापासून लोंबणारे लवणस्तंभ दिसतात. लवणस्तंभ हवेतच बनतात, पाण्यात नाही. म्हणजे ही एक कोरडी गुहा होती. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर-सव्वाशे मीटरने खाली होती, तेव्हा काराकोलच्या रस्त्यावर पाहिली तशीच गुहा इथे कोरली गेली. पुढे छत कोसळलं आणि समुद्र वर चढला. खोल पाण्यात उतरण्याचा चांगला अनुभव नसेल तर इथे पैसे घालवू नका, असं मी सांगेन. तळाशी अंधार, प्रवाळ जवळजवळ नाही, आणि चाळीस मीटरवर जेमतेम काही मिनिटं थांबता येतं.

विवराचं खरं धन तळाच्या गाळात आहे. साधारण नव्वद मीटरखाली पाण्यात प्राणवायू नाही, त्यामुळे गाळ उकरणारे कृमी-कीटक नाहीत, आणि थरावर थर जसेच्या तसे साचत गेले. मुसळधार पावसाच्या वर्षी नद्या डोंगरांतलं टायटॅनियम जास्त प्रमाणात समुद्रात आणतात, कोरड्या वर्षी कमी. २०१४ मध्ये राइस विद्यापीठाच्या आंद्रे ड्रॉक्सलर यांच्या गटाने गाळातल्या टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमचं प्रमाण मोजून दाखवलं, की इसवी सन ८०० ते १००० या काळात इथे तीव्र अवर्षणं पडली. दोन वर्षं आधी देशाच्या दक्षिणेतल्या योक बालुम गुहेतल्या लवणस्तंभानेही हीच गोष्ट वेगळ्या रीतीने सांगितली होती : ४४० ते ६६० या काळात भरपूर पाऊस, लोकसंख्येची वाढ, आणि मग उतरती कळा. काराकोलच्या शेवटच्या कोरीव शिळेवरची तारीख आहे ८५९. अवर्षण हे एकटं कारण नव्हतं. राजांची आपसातली युद्धं आधीपासूनच सुरू होती. काराकोलच्याच एका शिलालेखात ५६२ साली तिकाल या दुसऱ्या माया नगराच्या झालेल्या पराभवाची नोंद आहे. पण पाणी तळ्यात साठवून जगणाऱ्या, पायाखालचा दगड पाणी पिऊन टाकणाऱ्या नगरांना सलग कोरडी वर्षं परवडणारी नव्हती.

जी टिकली ती पाण्याच्या काठावरची. न्यू रिव्हरच्या रुंद सरोवराकाठी लामानाय हे नगर आहे. तिथे बोटीने जाणं उत्तम, मगरी आणि पाणपक्षी बघत. काराकोल ओसाड पडलं तरी लामानाय वसलेलं राहिलं, इतकं की सोळाव्या शतकात स्पॅनिश पाद्री आले तेव्हा त्यांना चर्च बांधायला इथे वस्ती सापडली. त्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. जवळच एकोणिसाव्या शतकातल्या साखर कारखान्याचं गंजलेलं यंत्र पडलंय.

आणि टिकली ती बेटं. अँबरग्रिस केच्या दक्षिण टोकाशी मार्को गोन्झालेझ नावाचं माया ठाणं आहे. आतल्या नगरांना लागणारं मीठ इथे मोठ्या प्रमाणावर तयार होई. देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर पेन्स क्रीकच्या तिवरांखाली पुरातत्त्वज्ञ हेदर मॅकिलप यांना २००४ पासून मिठागरांचे लाकडी खांब आणि एक वल्हंही सापडलं. तिथल्या आम्लधर्मी कुजकट गाळात लाकूड टिकलं, पण हाडं विरघळून गेली. आतली नगरं रिकामी झाल्यावरही मार्को गोन्झालेझवर माणसं राहत होती, आणि व्यापार त्यांनी लामानायशी जोडून ठेवला. तेव्हा अँबरग्रिस केवरच्या सान पेद्रो गावी उतरल्यावर गोल्फगाडी भाड्याने घेऊन एक सकाळ तिथे घालवा. पिरॅमिड नाही, त्यामुळे गर्दीही नाही. पायाखालची माती काळी आणि सुपीक आहे, तिच्यात शतकानुशतकांची राख, खापरं आणि झिजलेल्या फरशांचा चुना मिसळलेला आहे, आणि बाकी बेटावर नसलेली झाडं तिच्यावर वाढतात. डासांचं औषध भरपूर लावा.